मॉरिस मायनर १०००: घाट उतरल्यावर चारही ब्रेक धरून राहतात, कारण कसे शोधावे?

घाटवाट
नमस्कार मंडळी. आमच्याकडे आजोबांनी घेतलेली १९५९ सालची मॉरिस मायनर १००० आहे. इंजिन ९४८ सीसीचे आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकच्या द्रवात दाब निर्माण करणारा भाग, चालकाच्या पायाखाली, चासीच्या उजव्या लोखंडी चौकटीत बसवलेला आहे. गाडी बरीच वर्षे शेडमध्ये उभी होती. गेल्या दिवाळीत ती बाहेर काढली, तेव्हा मास्टर सिलिंडरचे आणि सहाही व्हील सिलिंडरांचे (चाकांत बसवलेले छोटे सिलिंडर, पुढच्या चाकांना दोन-दोन, मागच्यांना एकेक) रबरी किट नवीन टाकून घेतले. त्यानंतर तीन महिने कसलीच तक्रार नव्हती. गावी जाऊन आलो, लग्नाला नेली, शहरातल्या गर्दीत चालवली.

मार्चपासून मात्र पुढीलप्रमाणे होते. पुण्याहून निघताना ब्रेक उत्तम असतो. जुना कात्रज घाट उतरून खेड शिवापूरच्या आसपास पोहोचेपर्यंत पेडलचा प्रवास हळूहळू कमी होत जातो, पाय नुसता टेकवला तरी ब्रेक लागतो, आणि शेवटी पाय पूर्ण काढला तरी गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी जड चालते. न्यूट्रलमध्ये उतारावर सोडली तरी जागची हलत नाही. चाकांजवळ जळका वास येतो. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी केली की आपोआप मोकळी होते, आणि पुन्हा दहा-बारा किलोमीटरवर तेच.

गॅरेजमध्ये दोनदा दाखवून झाले. पहिल्यांदा शू, म्हणजे ड्रमला आतून टेकणाऱ्या कमानी, सैल केले, दुसऱ्यांदा त्यांच्यावरचे लायनर घासून पातळ केले. दोन्ही वेळा फरक पडला नाही. आता मास्टर सिलिंडरच बदला असे सांगत आहेत. खर्चाची तयारी आहे, परंतु कारण कळल्याशिवाय आणखी काही बदलण्याची इच्छा नाही. पुढच्या महिन्यात आईला घेऊन खंबाटकीमार्गे वाईला जायचे आहे, आणि या अवस्थेत तो घाट मी चढणार नाही.

लेथवाला
तुम्ही थांबलात हे योग्य केलेत. ब्रेक धरून राहण्याची कारणे अनेक असली तरी ती दोनच गटांत मोडतात. एका गटात शू ड्रमला टेकलेला असतो कारण नळीत दाब कोंडलेला असतो. दुसऱ्या गटात नळीत दाब नसूनही गंज, मोडकी स्प्रिंग, अडकलेला पिस्टन किंवा ताणलेली हँडब्रेकची केबल शूला मागे येऊ देत नाही. आपली गाडी कोणत्या गटात आहे हे ठरल्याशिवाय पान्ह्याला हात लावू नये, असे माझे चाळीस वर्षांच्या कामावरून झालेले मत आहे.

तुमच्याच लिहिण्यात एक खूण आहे. पेडल वर येत जाते, असे तुम्ही म्हणता. शू गंजामुळे अडकला असता तर पेडलला त्याची खबर लागली नसती. पेडल वर येऊन कडक होते, याचा अर्थ नळीत आधीच दाब आहे. म्हणून प्रथमदर्शनी तुमची तक्रार पहिल्या गटातली दिसते. तरीही ती सिद्ध करून घ्या.

पुढच्या वेळी गाडी जड झाली की सपाट, मोकळ्या जागी उभी करा आणि शक्यतो ब्रेक न वापरता थांबवा. मग प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू नेऊन धग पाहा; ड्रमला स्पर्श करू नका, चामडी निघेल. या गाडीत सर्व चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर आहे. पुढच्या दोन चाकांना प्रत्येकी एक रबरी होज जाते आणि मागच्या ॲक्सलला मिळून एकच. त्यामुळे एकच पुढचे चाक तापले असेल तर ते चाक किंवा त्याची होज, मागची दोन्ही तापली असतील तर मधली होज किंवा हँडब्रेक, आणि चारही सारखी तापली असतील तर मास्टर सिलिंडरकडे पाहावे लागते.

त्यानंतर सर्वांत तापलेले चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या, उरलेल्या चाकांना दगड लावा. चाक हाताने फिरत नसेल तेव्हाच त्याच्या व्हील सिलिंडरच्या निपलला (ब्रेकमधली हवा काढायचा पोकळ स्क्रू) पारदर्शक नळी जोडून ते पाव फेरा उघडा. द्रव उसळून बाहेर आला आणि चाक मोकळे झाले तर दाब कोंडलेला होता. काहीच आले नाही आणि चाक तसेच राहिले तर दोष ड्रमच्या आत आहे. द्रव रंगावर सांडू देऊ नका, तो रंग उतरवतो. सांडलाच तर लगेच भरपूर पाणी ओता.

पद्मिनीप्रेमी
माझ्या प्रीमियर पद्मिनीला हेच झाले होते आणि दोष होजचा निघाला. बाहेरून होज नवीकोरी वाटत होती, एकही भेग नव्हती. काढून कापली तेव्हा आतला रबर फुगून पोकळी पेन्सिलीच्या शिशाएवढी उरली होती. पायाच्या जोराने द्रव आत जात होता, पण शूच्या स्प्रिंगांच्या जोराने परत येत नव्हता. माझा सल्ला असा की तिन्ही होज आधी बदलून टाका. जुन्या गाडीत त्या बदलायच्याच असतात.

लेथवाला
पद्मिनीप्रेमी, होज बदलण्याला माझा विरोध नाही, वयोमानाने त्या बदलाव्यातच. परंतु आधी बदलल्या आणि तक्रार तशीच राहिली तर घाटवाट यांच्या हाती नवीन माहिती काहीच लागणार नाही. आधी निपल उघडून पाहू द्या. शिवाय तीन होज एकाच आठवड्यात एकदम आतून बंद होणे संभवत नाही.

अभियंता_नाशिक
गाडी गार असताना ब्रेक चांगला आणि तापल्यावर धरलेला, हे का होते ते थोडे सविस्तर लिहितो, कारण हे कारण लक्षात आले की तपास सोपा होतो.

मास्टर सिलिंडरच्या आत पिस्टन आणि त्याच्यापुढे रबरी कप असतो. पेडल पूर्ण सुटलेले असताना या कपाची कड एका अतिशय बारीक छिद्राच्या मागे उभी राहते. सुईचे टोक जेमतेम जाईल एवढे ते छिद्र नळ्यांना वरच्या ब्रेक द्रवाच्या टाकीशी जोडते. मी त्याला परतीचे छिद्र म्हणतो. ब्रेक लावताना कप पुढे सरकतो, ते छिद्र झाकतो, आणि तिथून पुढे दाब तयार होतो. पाय काढला की कप मागे येतो, छिद्र उघडते आणि उरलेला दाब टाकीत निघून जातो.

आता घाट उतरताना ड्रम तापतात, व्हील सिलिंडरमधला द्रव तापतो आणि प्रसरण पावतो. परतीचे छिद्र उघडे असेल तर वाढलेला द्रव टाकीत जातो आणि चालकाला काही कळतही नाही. छिद्र बंद असेल तर त्या द्रवाला जायला जागा नसते. तो चाकांमधले पिस्टन ढकलतो, शू ड्रमला टेकतात, घासून आणखी उष्णता होते, द्रव आणखी फुगतो. हे चक्र एकदा सुरू झाले की चालकाने ब्रेकला पायसुद्धा न लावता गाडी स्वतःच स्वतःला जखडून घेते. उभी केली की द्रव आकसतो आणि चाके सुटतात. घाटवाट यांनी वर्णन केलेली अर्ध्या तासाची विश्रांती म्हणजे नेमके हेच आहे.

छिद्र बंद राहण्याची कारणे तीन. पेडल आणि पिस्टन यांच्यामधल्या पुशरॉडला मोकळीक नसल्यामुळे पिस्टन पूर्ण मागे येत नाही. किंवा छिद्रात घाण बसली आहे. किंवा कप मूळ आकारापेक्षा मोठा झाला आहे. पहिले कारण तपासायला सर्वांत सोपे. हाताने पेडल दाबून पाहा: पिस्टन हलू लागण्यापूर्वी पेडलच्या टोकाला सुमारे ३ मिलिमीटर मोकळी हालचाल जाणवली पाहिजे. ब्रेक धरलेले असतील तेव्हा पेडल हाताने वर खेचून पाहा. खेचताच चाके सुटली तर पुशरॉड दोषी.

दुसरी चाचणी मला फार आवडते. गालिचा उचलून टाकीचे झाकण काढा, टॉर्च धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी पेडल अगदी हलकेच दाबायला सांगा. छिद्र उघडे असेल तर हालचालीच्या सुरुवातीलाच द्रवाच्या पृष्ठभागावर इवलेसे कारंजे उठते. कारंजे दिसले नाही तर छिद्र आधीपासूनच झाकलेले आहे.

एक पुरवणी. ड्रम ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या टोकाला एक झडप असते. व्हील सिलिंडरमधल्या कपांच्या कडा भिंतीला चिकटून राहाव्यात म्हणून ती नळ्यांत थोडासा दाब मुद्दाम राखते. तो दाब शूच्या स्प्रिंगांपेक्षा पुष्कळ कमी असतो, त्यामुळे ती झडप काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास मानू नका. मात्र ती चुकीच्या प्रकारची बसली असेल तरीही शू घासत राहतात.

घाटवाट
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी मुद्दाम घाट उतरून गाडी जड होईपर्यंत चालवली आणि सांगितल्याप्रमाणे सर्व पाहिले.

धग चारही चाकांना होती, पुढच्या दोन्हींना अधिक. पुढचे उजवे चाक उचलले. दोन्ही हातांनी जोर लावूनही फिरेना. सात-सोळांश इंची पान्ह्याने निपल जरासे उघडताच नळीत द्रवाची चिळकांडी उडाली आणि त्याच क्षणी चाक हाताने फिरू लागले. विशेष म्हणजे त्या एका निपलने पुढचे डावे आणि मागचे उजवे चाकही सुटले. मागचे डावे किंचित जड वाटले, पण गाडी ढकलताच पुढे सरकली, म्हणून तिकडे फार लक्ष दिले नाही.

पेडलची मोकळी हालचाल मोजली, ती साधारण ३ मिलिमीटर आहे. निपल उघडण्यापूर्वी पेडल वर खेचून पाहिले होते, काही फरक पडला नाही. घरी येऊन मुलाला पेडल हलकेच दाबायला लावले आणि मी टॉर्च घेऊन टाकीत पाहत राहिलो. पंधरा-वीस वेळा पाहिले. कारंजे नाही.

लेथवाला
एका निपलने इतर चाके सुटली, यातच होजांचा निकाल लागला. होज आतून बंद असती तर दुसऱ्या चाकाचा दाब या निपलपर्यंत पोहोचलाच नसता. पुशरॉडही निर्दोष ठरला. आता प्रश्न छिद्राचा किंवा कपाचा. मास्टर सिलिंडर उघडावा लागेल.

टेम्सकाठ
उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारते. मी इंग्लंडमध्ये राहते, माझ्याकडे १९६५ सालची १०९८ सीसीची मायनर आहे आणि तिच्या ब्रेकचे सर्व काम मी स्वतः करते. तुमची गाडी नवीन किट टाकल्यावर तीन महिने निर्दोष चालली आणि मग बिघडली. पुशरॉडची लांबी चुकीची असती तर पहिल्याच दिवशी त्रास झाला असता. तेव्हा दिवाळी आणि मार्च यांच्या दरम्यान ब्रेकच्या टाकीत कोणी काही ओतले होते का?

हे विचारण्याचे कारण असे की आपल्याकडे सर्रास ब्रेक ऑइल म्हणतात. वस्तुतः त्यात तेल मुळीच नसते. डॉट ३ किंवा डॉट ४ हा ग्लायकॉल वर्गातला द्रव असतो, आणि या सिलिंडरांतला रबर त्याच द्रवात टिकेल असा बनवलेला असतो. त्यात इंजिनचे, गिअरचे किंवा पॉवर स्टिअरिंगचे खनिज तेल थोडेसे जरी मिसळले तरी रबर ते शोषून घेतो आणि फुगत जातो. फुगलेला कप सर्वप्रथम कोणते काम बिघडवतो, तर परतीचे छिद्र झाकतो. बाकी ब्रेक लागतो चांगलाच, म्हणून चालकाला सुरुवातीला संशयही येत नाही.

खात्री करण्याचा उपाय स्वयंपाकघरातला आहे. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, टाकीतला द्रव ड्रॉपरने काढून दोन-तीन थेंब सोडा आणि ढवळा. ग्लायकॉल पाण्यात पूर्णपणे विरघळतो. तेल असेल तर ते वर तरंगेल. तो पेला नंतर पिण्यासाठी वापरू नका, हा द्रव विषारी आहे.

घाटवाट
टेम्सकाठ, तुमचा प्रश्न वाचून मी लगेच दोन जुने काचेचे पेले घेतले. एका पेल्यात दुकानातून आणलेल्या बंद डब्यातला नवीन डॉट ४ सोडला, दुसऱ्यात आमच्या टाकीतला. नवीन द्रवाचे थेंब पाण्यात शिरताना पाकासारखे तार सोडत खाली गेले आणि ढवळताच नाहीसे झाले. पाणी होते तसे स्वच्छ. दुसऱ्या पेल्यात बहुतांश द्रव तसाच विरघळला, पण ढवळणे थांबवल्यावर पृष्ठभागावर पिवळसर ठिपके जमू लागले. ते एकमेकांत मिसळून मिरीएवढे गोल झाले, आणि खिडकीच्या उजेडात त्यांच्या कडेला पावसाळी रस्त्यावरच्या डिझेलसारखे रंग दिसले. बोटाला लावले तर धुतल्यावरही ओशट राहिले.

बाबांना पेला दाखवला. ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले की फेब्रुवारीत गावाहून येताना टाकी थोडी कमी दिसली म्हणून वाटेतल्या एका दुकानात त्यांनी ब्रेकमध्ये ऑइल टाकायला सांगितले होते. दुकानातल्या मुलाने समोरच्या डब्यातून ओतले. डब्यावर काय लिहिले होते ते त्यांनी पाहिले नव्हते. त्यांना फार वाईट वाटले आहे. चूक त्यांची आहे असे मला वाटत नाही; शब्दच असा आहे की कोणीही फसेल.

आता पुढे काय करावे? नुसता मास्टर सिलिंडरचा कप बदलून द्रव नवीन भरला तर चालेल का?

लेथवाला
चालणार नाही. तेल लागलेला प्रत्येक रबर बाद समजा: मास्टर सिलिंडरचे किट, सहाही व्हील सिलिंडरांचे कप, तिन्ही होज आणि टोकाची झडपही. आज न फुगलेला कप सहा महिन्यांनी फुगेल, आणि तो कुठे फुगेल हे आपल्या हातात नाही. लोखंडी नळ्या दोन्ही टोकांनी सोडवून त्यांतून स्पिरिट सोडा, कोरड्या हवेने फुंकून काढा, पुन्हा स्पिरिट सोडा. बाहेर आलेले स्पिरिट पाण्यात टाकून पाहा. वर काहीही तरंगेनासे होईपर्यंत धूत राहा. पेट्रोल किंवा रॉकेल चुकूनही वापरू नका, पुन्हा तोच रोग होईल.

सिलिंडर उघडल्यावर आतली भिंत नखाने तपासा. नख अडेल असा खड्डा असेल तर पॉलिश पेपरने घासून भागवू नका, तो सिलिंडर बदला. परतीचे छिद्र गिटारच्या सर्वांत बारीक तारेने साफ करा. ड्रिलने मोठे करायचा मोह टाळा, कारण मोठ्या छिद्राची कड नव्या कपाची ओठासारखी धार कातरते.

ड्रम उघडताना आतली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसात जन्मभर राहते. ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका.

टेम्सकाठ
मायनरचा मास्टर सिलिंडर काढताना एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवते. तो दोन लांब आडव्या बोल्टांनी चौकटीत बसवलेला असतो आणि बोल्ट बाहेर ओढताना पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा, नेमका आडवा येतो. बोल्ट अर्धा बाहेर येतो आणि अडतो. अनेक जण इथे वैतागून बोल्ट कापतात. टॉर्शन बारवरचा भार नीट उतरवून तो थोडा बाजूला घेतला तर बोल्ट निघतात. परंतु त्या बारमध्ये प्रचंड ताण साठलेला असतो, म्हणून हे काम ज्याने आधी केले आहे त्याच्या उपस्थितीतच करा. पुन्हा बसवताना बोल्ट उलट दिशेने घातले तर पुढच्या वेळी हा त्रास राहत नाही.

सुटे भाग मिळण्याची चिंता करू नका. १९४८ ते १९७१ या काळात सोळा लाखांहून अधिक मायनर बनल्या, त्यामुळे ब्रेकचा जवळजवळ प्रत्येक भाग इथे आजही नवीन मिळतो. मागवताना गाडीचे वर्ष नक्की लिहा, कारण १०९८ सीसीच्या गाड्यांचे पुढचे ड्रम ८ इंची आहेत आणि तुमच्या गाडीचे ७ इंची. शू आणि ड्रम एकमेकांना बसत नाहीत.

पद्मिनीप्रेमी
सगळे रबर नवीन होणारच आहेत तर सिलिकॉनचा डॉट ५ भरला तर कसे? तो रंग खराब करत नाही आणि हवेतले पाणी शोषत नाही असे ऐकतो.

अभियंता_नाशिक
दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी काही जण तो पसंत करतात. परंतु तो डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळत नाही, आणि वाटेत कुठे टाकी भरायची वेळ आली तर हाताशी डॉट ३ किंवा ४ च मिळेल. घाटवाट यांच्या गाडीत एकदा मिसळ झालेली आहे. दुसऱ्यांदा तशी शक्यता ठेवू नये. घाटासाठी डॉट ४ चांगला. ताजा डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतो, डॉट ४ किमान २३० अंशांना. पाणी शोषल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत खाली येतात, म्हणून दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, द्रव बदलावा. नाव पाहून घेताना एवढे लक्षात ठेवा की डॉट ५.१ हा सिलिकॉन नाही, तो डॉट ४ च्याच कुळातला आहे.

घाटवाट
तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सर्व भाग आले, आणि शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या कारागिरांच्या मार्गदर्शनाखाली काम पूर्ण केले. त्यासाठी गाडी ट्रकवरून कोल्हापूरला नेली.

मास्टर सिलिंडर उघडल्यावर जे दिसले ते या धाग्यात नोंदवून ठेवण्यासारखे आहे. नवीन कप बोटाने अलगद ढकलला तर सिलिंडरमध्ये सरकत गेला. जुना, म्हणजे अवघ्या पाच महिन्यांपूर्वीचा कप, बाहेर काढल्यावर पुन्हा आत शिरेना. त्याची कड बाहेरच्या बाजूला वळली होती, रबर चिकट आणि मऊ झाला होता, आणि दाबला की त्यातून ओलावा पाझरत होता. दोन्ही कप तळहातावर शेजारी ठेवले तेव्हा फरक चष्म्याशिवायही कळत होता. परतीचे छिद्र स्वतः स्वच्छ होते. त्याच्यावर हा फुगलेला ओठ येऊन बसला होता. नळ्या चार वेळा धुवाव्या लागल्या.

सर्व जोडून, हवा काढून टाकीत पाहिले, तर पहिल्याच हलक्या दाबाला कारंजे उठले. बाबांना ते बघायचेच होते. ते गुडघे दुखत असतानाही दारातून वाकून टाकीत पाहत होते.

परंतु एक गोष्ट राहिली आहे. गाडी चालवून आणल्यावर तीन चाके गार आहेत, मागचे डावे मात्र अजूनही तापते. निपल उघडले तर द्रव उसळत नाही आणि चाक सुटत नाही.

लेथवाला
हे चाक तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगत होते. तुम्ही लिहिले होते की ते किंचित जड वाटले. एका गाडीत एका वेळी एकच दोष असतो असे आपण गृहीत धरतो, आणि तिथेच फसतो. हे चाक दुसऱ्या गटातले आहे.

मायनरच्या मागच्या चाकात एकच सिलिंडर असतो आणि तो बॅकप्लेटला, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या तबकडीला, पक्का आवळलेला नसतो. बॅकप्लेटमधल्या लांबट खाचेत तो मागेपुढे सरकतो. पिस्टन एका शूला ढकलतो आणि सिलिंडरचे अंग उलट दिशेला सरकून दुसऱ्या शूला ढकलते. गाडी वर्षानुवर्षे शेडमध्ये उभी असताना ती खाच गंजली की सिलिंडर जोराने सरकतो खरा, पण परत येत नाही. नवीन किट टाकणारा कारागीर सिलिंडरच्या आतले पाहतो, खाचेकडे त्याचे लक्ष जात नाही.

हँडब्रेकही तिथेच पाहा. त्याची छोटी दांडी याच सिलिंडरमधून जाऊन पिस्टनच्या बाहेरच्या तुकड्याला ढकलते. दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या केबल आहेत आणि त्यांचे नट दोन सीटच्या मधल्या दांड्यापाशी आहेत. आधी डाव्या केबलचा नट पूर्ण सैल करा. चाक सुटले तर केबल. न सुटल्यास ड्रम काढा आणि सिलिंडर अंगठ्याने ढकलून खाचेत सरकतो का ते पाहा.

घाटवाट
केबल सैल करून फरक पडला नाही. ड्रम काढला. सिलिंडर अंगठ्याने हलेना, लाकडाचा तुकडा ठेवून हलकेच ठोकल्यावर जागचा हलला आणि खाचेतून तांबूस पावडर गळली. पत्रे काढून खाच आणि सिलिंडरची बैठक वायर ब्रशने लखलखीत केली, ब्रेकसाठी मिळणारे खास ग्रीस अगदी पातळ लावले, लायनरला त्याचा स्पर्श होऊ दिला नाही. आता सिलिंडर बोटाने सरकतो. सावधगिरी म्हणून उजवीकडचेही तसेच केले. तिथे गंज नुकताच धरू लागला होता.

त्यानंतर शू जुळवले. ड्रमच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून शंखासारखा अॅडजस्टर चाक पूर्ण अडेपर्यंत फिरवायचा आणि एक खाच मागे घ्यायचा. पुढच्या प्रत्येक चाकाला असे दोन, मागच्या प्रत्येकाला एक. हँडब्रेकच्या केबल हे सर्व झाल्यावरच ताणल्या.

कालच वाईला जाऊन आलो. आई पुढे बसली होती. कात्रज उतरून खेड शिवापूरला थांबलो आणि चारही चाकांजवळ हात धरला: पुढची कोमट, मागची जवळजवळ गार. पुढे खंबाटकी चढून सुरूर फाट्यावर वळताना पेडल निघतानाच्याच उंचीवर होते. बाबांनी घरी आल्यावर पत्र्याची छोटी पट्टी कापली, तिच्यावर रंगाने "फक्त डॉट ४, दुसरे काहीही नाही" असे लिहिले आणि गालिचाखाली टाकीच्या झाकणाशेजारी स्क्रूने बसवली.

लेथवाला
पाचशे किलोमीटर झाले की प्रत्येक निपलमधून चमचाभर द्रव काढून पुन्हा पाण्यात सोडून पाहा. नळ्यांच्या सांध्यांत तेलाचा अंश उरला असेल तर तेव्हा दिसेल. मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा, त्याची नळी सर्वांत लांब आहे.

घाटवाट
नक्की करतो, आणि निकाल इथेच लिहितो.